डोक्याला मार

रविवारी सकाळी श्यामकांत खांबेटे बेहाल्यातल्या क्लबच्या मैदानावर, सगळ्या मोहल्ल्यादेखत, गवतात उताणे पडले होते आणि त्यांची मुलगी लीना त्यांच्या कपाळावर पायाला लावायच्या लाल आलत्याची बाटली रिकामी करत होती.

"बाबा, हलू नका. रक्त कानात जातंय."

"मग थोडं कमी सांडू दे की."

"तपनदा म्हणाला, भरपूर दिसलं पाहिजे."

खांबेट्यांनी डोळे मिटून घेतले. नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याच्या लेखापरीक्षण कचेरीत आल्याला त्यांना वर्ष होत आलं होतं. कचेरीत इंग्रजीवर भागायचं, बाजारात बोटांनी दाखवून. बंगाली काही जिभेवर बसत नव्हती, त्यामुळे शेजाऱ्यांशी ओळख म्हणजे जिन्यात मान हलवण्यापुरती. लीनाचं उलट होतं. तिने कॉलेजात जाता जाता बंगाली उचलली आणि मोहल्ल्यातल्या क्लबच्या स्वयंसेवक पथकात नावही घातलं. एकाहत्तरचा नोव्हेंबर चालू होता. पूर्वेच्या सीमेवर केव्हा काय पेटेल याचा नेम नव्हता. घरोघर खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटले होते, आणि कॉलेजच्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे वाळूच्या बादल्या आणि बँडेजं घेऊन तालीम करत होते.

आजच्या तालमीत स्ट्रेचर उचलायला पंधरा जण तयार होते, पण पडून राहायला कोणी नव्हतं. "बाबा, तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही," लीना म्हणाली, आणि खांबेटे लगेच तयार झाले. मोहल्ल्यासाठी काहीतरी करायची त्यांची इच्छा होतीच. न बोलता करता येईल असं काम त्यांना प्रथमच मिळत होतं.

पथकाचा पुढारी तपन याने त्यांच्या शर्टाला एक चिठ्ठी टाचली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : डोक्याला मार, रोगी भ्रमिष्ट.

शिकवायला दर रविवारी बराकपूरहून हालदारबाबू यायचे. फौजेतून निवृत्त झालेला, खाकी अर्धी विजार घालणारा, खणखणीत आवाजाचा माणूस. त्यांनी सर्वांना रांगेत उभं करून हिंदीत बजावलं, "तालीम एकदा सुरू झाली की थांबायची नाही. आणि जखमी माणूस म्हणेल, मी बरा आहे, मला सोडा. ऐकायचं नाही. धक्का बसला की माणूस असंच बडबडतो. आणि आज मी मध्येच तुमची एक परीक्षा घेणार आहे. तयार राहा."

एवढं बोलून ते शिट्टी वाजवायला दुर्गापूजेच्या मांडवाचं जे बांबूचं मचाण अजून उभं होतं, त्यावर चढले. शिट्टी वाजली, पोरं धावली, आणि त्याच क्षणी मचाणाची एक दोरी सुटून हालदारबाबू पलीकडच्या बाजूला धप्पकन खाली आले.

"परीक्षा," तपन कौतुकाने म्हणाला. चार पोरांनी त्यांना सावलीत नेऊन बसवलं आणि त्यांच्या दंडाला फार सुबक बँडेज बांधलं. दंडाला काहीच झालं नव्हतं.

समोरच्या घराच्या गच्चीतून एका आजीबाईंनी मात्र सगळं पाहिलं होतं. त्यांना परीक्षेची कल्पना नव्हती. त्यांनी सुनेकरवी इस्पितळात फोन करवला, की क्लबच्या मैदानात एक वयस्क गृहस्थ डोक्यावर पडलेत. थोड्या वेळाने खरीखुरी रुग्णवाहिका मैदानात येऊन उभी राहिली. आतल्या दोघांनी विचारलं, डोक्याला मार कोणाला लागलाय. साऱ्या मैदानाने एका आवाजात खांबेट्यांकडे बोट दाखवलं. लीना त्या वेळी नळावर बादली भरत होती.

खांबेटे गाडीत चढवले गेले तेव्हा मनातून खूष झाले. पोरांनी व्यवस्था काय झकास ठेवलीय, थेट रुग्णवाहिका. मैदानाला एक फेरी मारून गाडी परत आणतील, असा त्यांचा अंदाज होता. गाडी ट्रामच्या रस्त्याला लागून घंटा वाजवत सुटली तेव्हा ते उठून बसले.

"बस, आता इथंच थांबवा," ते हिंदीत म्हणाले. "मला काही झालेलं नाही."

दोघांपैकी एकाने चिठ्ठी वाचली, दुसऱ्याकडे पाहून मान हलवली, आणि दोघांनी मिळून त्यांना पुन्हा आडवं केलं.

इस्पितळात गर्दीचा पूर आला होता. एका नर्सबाईंनी त्यांना खाटेवर निजवून ओल्या कापसाने कपाळ पुसायला घेतलं. कापूस लाल झाला. दुसरा घेतला, तोही लाल. आलत्याला पाणी लागलं की तो जास्तच पसरतो. नर्सबाई डॉक्टरांना म्हणाल्या, रक्त थांबत नाही.

मग एक वॉर्डबॉय कागद घेऊन आला. त्याने नाव विचारलं, ते नीट पार पडलं. पुढे तो म्हणाला, "बाडी कोथाय?"

घर कुठे, असं तो विचारत होता. खांबेट्यांना ऐकू आलं ते 'बॉडी'. त्यांनी क्षणभर विचार करून छातीवरून पोटापर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "ही इथंच आहे की. सगळी."

वॉर्डबॉयने कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांच्या केसांकडे बोट करून म्हणाला, "चूल काटते होबे."

"चूल?" खांबेटे म्हणाले. त्यांना हा माणूस एकदम घरगुती का बोलायला लागला ते कळेना. "चूल नाही आमच्याकडे. स्टोव्ह आहे. रॉकेलचा."

वॉर्डबॉय वस्तरा घेऊन आला तेव्हा बंगालीत केसांना चूल म्हणतात हे ज्ञान त्यांना झालं, आणि ते खाटेच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरले.

आवाज ऐकून डॉक्टर आले. तरुण होते, रात्रभर जागलेले दिसत होते. खांबेट्यांनी त्यांना आपल्या उत्तम कचेरीच्या इंग्रजीत समजावलं, की ही तालीम होती, हे रक्त नसून बायकांच्या पायाला लावायचा आलता आहे, आणि ही चिठ्ठी तपन नावाच्या मुलाने टाचली आहे.

"तुम्ही पायाला आलता लावता?" डॉक्टरांनी हळुवारपणे विचारलं.

"पायाला नाही. डोक्याला. माझ्या मुलीने लावला."

"बरं, बरं," डॉक्टर म्हणाले. "पडून राहा. जखम आत असेल तर बाहेर दिसत नाही."

खांबेटे कितीही शहाण्यासारखं बोलले तरी त्याचा अर्थ उलटाच निघत होता, आणि बोलले नाहीत तर वस्तरा होताच; डाव्या बाजूचे थोडे केस तर एव्हाना गेलेही होते. शेवटी त्यांनी हात जोडून एक फोन मागितला. क्लबशेजारच्या औषधाच्या दुकानात फोन होता. दुकानदाराने तपनला हाक मारून आणलं.

"तपन, मी खांबेटे. मला इस्पितळात आणून टाकलंय. केस कापतायत."

"वा, काकाबाबू," तपन आनंदाने म्हणाला. "फार छान करताय. असंच चालू ठेवा. आमची इकडची परीक्षापण संपलेली नाही. हालदारबाबू जखमी झाल्याचं असं हुबेहूब करतायत, काय सांगू. आज वार कुठला ते पुन्हा पुन्हा विचारतात. आता तर त्यांनी उलटीपण करून दाखवली."

खांबेट्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. उलटी कोणी करून दाखवत नाही. ती रुग्णवाहिका कोणासाठी आली होती आणि कोणाला घेऊन गेली, हे त्यांना तेव्हा उमजलं. आपल्या खाटेवर ज्याने असायला हवं तो माणूस तिकडे झाडाखाली बसलाय आणि भोवती लोक वाहवा करतायत.

"तपन, ते नाटक नाही. खरं लागलंय त्यांना."

"हो, काकाबाबू, हो," तपन म्हणाला. "तुम्ही शांत राहा. धक्का बसला की असं वाटतं."

"लीनाला दे फोन."

लीना आली. खांबेटे मराठीत, एका दमात बोलले.

"बाबा, मला मघापासून तसंच वाटतंय," ती म्हणाली. "ते मला त्यांची बहीण समजतायत. बुडी, बुडी, अशी तिच्या लाडक्या नावाने हाक मारतायत. मी सांगितलं सगळ्यांना, कोणी ऐकेना."

"आता ऐकायला लाव. त्यांना चालवू नकोस, बसवू नकोस. आडवं निजवा आणि इकडे आणा. माझी काळजी नको."

"पण गाडी कुठली आणायची?"

"स्ट्रेचर आहे ना तुमच्याकडे? इतके रविवार काय करत होतात?"

पुढचं मैदानात काय झालं ते खांबेट्यांना नंतर कळलं. लीनाने तपनच्या हातातून शिट्टी काढून घेतली आणि तालीम संपली असं जाहीर केलं. हालदारबाबू "थांबायचं नाही" असं पुटपुटत होते. तिने त्यांना स्ट्रेचरवर निजवून पट्टे आवळले. मग पोरं भर रस्त्यातून निघाली, चौघे उचलायला आणि चौघे बदलीला. पुढे तपन हातवारे करत ट्राम थांबवत होता. लोक दुकानांतून बाहेर येऊन वाट करून देत होते. एवढ्या रविवारांत इतकं नीट काम त्या पथकाच्या हातून कधी झालं नव्हतं. वाटेत हालदारबाबू फक्त एकदाच बोलले. पाय बदला म्हणाले, चाल चुकतेय.

इस्पितळाच्या दारात खांबेटे वाटच पाहत होते. डोक्याच्या डाव्या बाजूचे थोडे केस गेलेले, कपाळ लाल. त्यांनी स्ट्रेचर थेट आपल्या खाटेकडे न्यायला लावलं आणि डॉक्टरांना हाताला धरून आणलं.

"हा खरा रोगी. मचाणावरून पडलाय. उलटी झालीय, वार आठवत नाही."

हालदारबाबूंनी डोळे उघडले. "मी एकदम ठीक आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "या पोरांना सांगा, मला सोडा."

डॉक्टरांनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. एकाच्या शर्टाला चिठ्ठी, कपाळाला रंग, आणि तो म्हणतो दुसरा जखमी आहे. दुसऱ्याच्या अंगावर कुठे ओरखडा नाही, दंडाला सुंदर बँडेज, आणि तो म्हणतो मी ठीक आहे.

"त्यांचं ऐकू नका, डॉक्टर," खांबेटे काकुळतीने म्हणाले. "त्यांना विचारा आज वार कोणता."

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाहोर," हालदारबाबू म्हणाले.

मग मात्र डॉक्टरांची झोप उडाली. बॅटरी आली, बाहुल्या पाहिल्या गेल्या, खाट आतल्या खोलीत गेली आणि दार बंद झालं. व्हरांड्यात पोरं भिंतीला टेकून बसली. तपनचा चेहरा उतरला होता. तो लीनाकडे पाहत नव्हता. खांबेटे त्याच्या शेजारी जाऊन बसले. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण ते बंगालीत येईना, म्हणून त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुपार उतरताना डॉक्टर बाहेर आले. हालदारबाबूंना शुद्ध होती, वार बरोबर सांगत होते, आणि नर्सबाईंना खाटेची चादर नीट ओढता येत नाही म्हणून रागावत होते. आठवडाभर ठेवावं लागेल. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पोरांनी एकदम श्वास सोडला. लीना रडायला लागली.

"राहिले तुम्ही," डॉक्टर खांबेट्यांकडे वळले. "तुमचं नाव आमच्याकडे दाखल आहे. घरचं कोणी येऊन सांगितल्याशिवाय सोडता येत नाही. ही मुलगी लहान आहे."

तेवढ्यात खांबेट्यांच्या पत्नी कालिंदीबाई आल्याच. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की खांबेट्यांचं डोकं फुटलं, त्यामुळे त्या स्वयंपाकाच्या साडीवरच निघाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "जरा नीट पाहून सांगा. हे नेहमी असेच असतात, की आज बोलण्यावागण्यात काही फरक वाटतो?"

कालिंदीबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अर्धवट भादरलेलं डोकं, लाल कपाळ, शर्टावर चिठ्ठी. एकाच वेळी तिघांना तीन भाषांत काहीतरी समजावत होते आणि तिघांनाही कळत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखेच आहेत."

डॉक्टरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाराची कडी वाजली. गच्चीवरच्या त्या आजीबाई सुनेला घेऊन पेलाभर दूध देऊन गेल्या. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, मग औषधाचा दुकानदार, मग तपनची आई कढईभर माशाचं कालवण घेऊन. ते खांबेट्यांच्या घरात कोणी खात नव्हतं, तरी कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी घेतलं. वर्षभर ज्या घरात कोणी पाऊल टाकलं नव्हतं तिथे बसायला खुर्च्या पुरेनात. सगळ्यांचा प्रश्न एकच. डोकं कसं आहे?

पहिल्या दिवशी खांबेट्यांनी प्रत्येकाला हिंदीत सगळी हकीकत सांगितली. आपल्याला लागलंच नव्हतं, लागलं ते हालदारबाबूंना. लोक आदराने ऐकायचे, एकमेकांकडे पाहायचे आणि जाताना कालिंदीबाईंना हळूच सांगायचे, की अशा माराने कधी कधी असं होतं, काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी हकीकत थोडक्यात सांगितली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लीनाला आत बोलावलं आणि काहीतरी विचारून घेतलं. बराच वेळ ते आरशासमोर ओठ हलवत होते.

थोड्या वेळाने कोपऱ्यावरचा मिठाईवाला कागदात बांधलेली संदेश मिठाई घेऊन आला आणि दारातूनच त्याने चौकशी केली. खांबेटे उठून उभे राहिले. एक हात हळूच डोक्याला लावला, जरासे कण्हले आणि त्यांच्या आयुष्यातलं पहिलं अख्खं बंगाली वाक्य बोलले.

"एखन भालो आछि," ते म्हणाले. आता बरा आहे.

मिठाईवाल्याचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून तो निवांत बसला, आणि रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत खांबेट्यांशी भराभर बंगालीत बोलत राहिला.