पेठकर साहेबांचा नोव्हेंबर

आमच्या ऑफिसातले पेठकर साहेब सकाळी आल्या आल्या सर्व्हरच्या खोलीत जातात आणि लहान मुलाचा ताप बघावा तसा मशीनला पालथा हात लावतात. समोर तापमानाचा आकडा झळकत असतो, पण साहेबांचा आकड्यावर विश्वास नाही. हात लावून बाहेर येतात आणि मला म्हणतात, “शिंदे, नोव्हेंबर येतोय.” हे ते मार्चमध्येही म्हणतात.

राजधानीत आर. के. पुरममधलं आमचं ऑफिस पेन्शनचं. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण हयात असल्याचा दाखला आमच्या पोर्टलवर भरतात. दाखला नाही, तर पेन्शन बंद. आणि या सगळ्यांच्या नोंदी सांभाळणारा आमचा डेटाबेस सर्व्हर इतका थकला होता, की कुठलंही पान मागितलं की स्क्रीनवर चक्र गरगरत बसायचं. हा ऐन नोव्हेंबरात बसला तर काय, या विचारानं साहेबांना दुपारी डबा जात नसे.

तसा हा माणूस मुळातच काळजीवर जगणारा. खिशात दोन चष्मे, दोन मेट्रो कार्डं, आणि द्वारका उपनगरातल्या घराच्या किल्ल्यांचा दुसरा जोड माझ्या ड्रॉवरमध्ये. “एकाच्या भरवशावर राहायचं नाही, यार,” हे त्यांचं तत्त्व.

अखेर नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं आणि तो केवढा असावा हे सांगायचं काम साहेबांकडे आलं. मग काय विचारता. संध्याकाळी क्षमता काढायची, ती पुरणार नाही म्हणून दुप्पट करायची, ऑडिटवाले विचारतील या धास्तीनं सकाळी निम्मी करायची. मी भीत भीत सुचवलं की सरासरी गर्दी धरू. साहेब माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “तुम्ही मंगळवारी दुपारी सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन दिवाळीच्या गर्दीचा अंदाज बांधणार?”

खरेदी समितीच्या बैठकीत साहेबांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. अध्यक्ष मॅडम हुशार बाई. गर्दीचा आलेख बघून त्यांनी नेमकं बोट ठेवलं. पेन्शन महिन्यातून एकदा जमा होते, मग रोज सकाळी एवढी माणसं पोर्टलवर येऊन करतात काय? महिन्यातून एकदाच लॉगिन करू द्या, जुनं मशीन आणखी दोन वर्षं चालेल, असं त्यांनी सुचवलं आणि फाइलवर तसा शेराही लिहिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. संपलं, असं मला वाटलं. नवा सर्व्हर तर गेलाच, वर म्हाताऱ्या माणसांना दारातच अडवायचं कामही आमच्या गळ्यात पडणार होतं.

साहेबांचा पाय थांबला. एरवी हा माणूस साधी रजा मागतानाही तीन वेळा सॉरी म्हणतो. “मैडम,” ते म्हणाले, “नाम के आगे हरे अक्षरों में ‘जीवित’ लिखा आता है. बुज़ुर्ग रोज़ वही देखने आते हैं. किसी ने तो लिख रखा है कि हम हैं.”

मॅडमनी तो आलेख पुन्हा एकदा पाहिला, मग आपला शेरा स्वतःच खोडला आणि सर्व्हर नोव्हेंबरच्या आत बसवा, एवढंच सांगून पुढचा विषय घेतला. मला साहेबांचा इतका अभिमान वाटला की मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

नवा सर्व्हर वेळेत लागला. नोव्हेंबर असा सुरळीत पार पडला की कुणाला कळलंही नाही. साहेब मात्र चेहरा पाडून बसलेले. मला वाटलं, आता काळजी करायला काही उरलं नाही, याचीच काळजी असेल. तसं चेष्टेनं विचारलंही.

साहेब हसले नाहीत. त्यांची आई चोपड्याला एकटी असते, हे मला त्या दिवशी कळलं. वडिलांच्या मागे तिला फॅमिली पेन्शन आहे आणि तीही रोज सकाळी साहेबांना फोन लावून पोर्टल उघडते. पान येईपर्यंत चक्र फिरत राहायचं, आणि तेवढ्या वेळात तिचं बोलणं चालायचं. गुडघा, शेजारणीची सून, वांगी कशी निघाली.

“आता बोट लावलं की पान उघडतं,” साहेब म्हणाले. “‘आहे रे बाबा मी, ठेवते,’ म्हणते. तुला ऑफिसला उशीर नको, म्हणते.”

मला आमच्या वेगवान सर्व्हरचा पहिल्यांदाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचा जिना चढत होतो, तर साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते, फोन कानाला.

“नाही आई, ठेवू नकोस,” ते सांगत होते. “नवीन मशीन आहे, एकदा बघून भागत नाही. बंद कर आणि परत उघड. सावकाश कर, मी आहे इथे.”