नऊ नंबरची गोपनीय फीत

आमच्या रुग्णालयात गोपनीयता अतिशय काटेकोरपणे पाळली जाते. नऊ नंबरच्या कॉटवरच्या रंगाऱ्याला एचआयव्ही आहे, हे कोणालाही कळू नये म्हणून त्याच्या कॉटला लाल फीत बांधली होती. फीत कशाची, असं कोणी विचारू नये म्हणून शेजारी पाटी होती: 'ही फीत गोपनीय आहे.'

रंगाऱ्याचं डोकं तीन आठवडे ठणकत होतं. मान वळेना, एकाचे दोन दिसू लागले. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत गेली असावी. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खचली की असं होतं. रक्ताची चाचणी दहा मिनिटांची आहे. वेळेत औषध मिळालं तर वाचेल."

"मग करा की!"

"अर्जावर एचआयव्ही लिहिल्याशिवाय चाचणी मिळत नाही. आणि मला ते अजून अधिकृतपणे कळलेलं नाही."

"आत्ता तर म्हणालात!"

"ते अनधिकृतपणे."

बहीण लिफ्टकडे धावली. "एचआयव्हीवाल्यांच्या ताई ना?" लिफ्टमननं आपुलकीनं विचारलं. "गोपनीयता कक्ष पाचव्या मजल्यावर."

डॉक्टरांना अधिकृतपणे कळवायला कक्षातल्या साहेबांनी रुग्णाची लेखी संमती मागितली. रंगाऱ्याला सहीच्या रेघा दोन दिसत होत्या. त्यानं नेमकी नसलेल्या रेघेवर सही केली. अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्यांदा बहिणीनं त्याचा हात धरून सही करवली. ती चालली, पण साहेब नियमाला पक्के. डॉक्टरांना गुपित सांगण्यास कोणाची हरकत नको, म्हणून त्यांनी रुग्णाच्या नावपत्त्यासह फाटकावर नोटीस लावली. मुदत पंधरा दिवस.

"साहेब, तेवढे दिवस तो काढेल का हो?"

"बाई, त्याच्याच अब्रूसाठी चाललंय ना सगळं!"

सोळाव्या दिवशी लाखेचं सील लावलेला लिफाफा आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोन साक्षीदारांसमोर फोडला, नियमाप्रमाणे चकित झाल्या, चाचणी लिहिली आणि धावत वॉर्डात गेल्या. रंगारी तासाभरापूर्वीच गेला होता. कॉटवर फक्त फीत उरली होती. बहीण ती सोडत बसली होती आणि गाठ काही सुटत नव्हती.

घरी भेटायला माणसं आली. प्रत्येकानं आवाज खाली आणून एकच विचारलं, "पण त्याला ते लागलं कुठून?" दहा मिनिटांच्या चाचणीला सोळा दिवस का लागले, हे एकानंही विचारलं नाही.

तुम्हीही मघाशी फीत पाहिल्यावर मनात तेच विचारलंत. असू द्या. कोणाला सांगणार नाही. आमच्याकडे गोपनीयता काटेकोरपणे पाळली जाते.