खिडकीत रडणारे निनाद खोपकर

निनाद खोपकर चौतीस वर्षांचे आहेत आणि अजून शकूमावशींच्या पाळणाघरात रडायला जातात. आमच्या गावच्या पेपरकडे पाळणाघराचा एकच फोटो आहे. त्यात अडीच वर्षांचे निनाद खिडकीचे गज धरून रडताहेत. पाळणाघरामुळे मुलांचं कसं वाटोळं होतं यावर लेख आला की तोच फोटो छापतात, आणि छापलेलं खोटं ठरू नये म्हणून निनादनी दिवसभर त्या खिडकीत हजर राहायचं असतं. लेख हल्ली रोज येतो. पेपर त्यांना काही देत नाही, फोटोखाली फक्त 'संग्रहित' असं छापतो.

कुणाची तक्रार नव्हती. पण त्यांची मुलगी शर्वी अडीच वर्षांची झाली, बायकोला, म्हणजे ऋजुताला, कोर्टात नोकरी लागली, आणि पाळणाघर भरलेलं निघालं. एक जागा निनादनीच अडवली होती.

"सोमवारपर्यंत जागा सोड, नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल," ऋजुता म्हणाली. "आणि माझ्यापुढे रडू नकोस. ते पेपरसाठी ठेव."

निनाद पुरवणीचे संपादक हसबनीस यांच्याकडे गेले. हसबनीसांनी पाळणाघर आतून कधी पाहिलेलं नाही. पाहिलं की लिहिताना हात अडखळतो, असं ते म्हणतात.

"साहेब, फोटो काढला त्या दिवशी आई लवकर न्यायला आली होती. मला अजून खेळायचं होतं, म्हणून रडलो."

"कारण फोटोत येत नाही हो," हसबनीस समजुतीने म्हणाले. "बदली मूल द्या, लगेच मोकळं करतो."

सोमवारी फोटोग्राफर आला. बदली म्हणून शर्वीला खिडकीत उभं केलं. तिने त्याच्या कॅमेऱ्याला पापा दिला आणि भातुकलीत जाऊन बसली. मग खिचडी दोनदा मागून खाल्ली.

"हिच्यावर परिणामच दिसत नाही," फोटोग्राफर वैतागला.

"आमच्याकडे मुलं संध्याकाळी रडतात, घरी जाताना," शकूमावशी म्हणाल्या. "तेव्हा या."

"तेव्हा उजेड नसतो."

निनाद बाहेर उभे राहून बघत होते. लेक एकदा वळून बघेल, निदान टाटा करेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. शर्वीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा त्यांनी बाहेरून गज धरले आणि ते रडू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरं रडू आलं होतं. फोटोग्राफर धावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता: 'पाळणाघराचे घाव आयुष्यभर ओले'. हसबनीसांनी स्वतः फोन केला. "जुना फोटो बाद. यापुढे हाच चालवू. तुम्ही बाहेरूनच रडा, आतली जागा मुलीला द्या."

ऋजुता कामावर रुजू झाली. निनाद आता रस्त्याच्या बाजूने रडतात. ऊन चढलं की शकूमावशी त्यांना टोपी देतात.

संध्याकाळी त्या दारात येऊन नियमाप्रमाणे विचारतात, "निनादला न्यायला कोण आलंय?"

"मी," शर्वी म्हणते. फ्रॉकने त्यांचं नाक पुसते आणि बोट धरून त्यांना घरी नेते.