फळे झाडावर असावीत

कारंज्याच्या प्रभाकररावांच्या अंगणात संत्र्याचं एकच झाड होतं. अनुसयाबाईंनी पाच वर्षं त्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, आळं केलं, खोडाला चुना-मोरचूद लावला. यंदा ते पहिल्यांदा फुललं. प्रभाकरराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच आठवड्यात ‘आदर्श अंगण’ योजनेत अर्ज केला. अट एकच होती: तपासणीपूर्वी फळे तोडू नयेत, फळे झाडावर असावीत.

अकरा संत्री धरली, पिकली. तपासणी मात्र आली नाही. तपासणी करणारे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. ते परतल्यावर कळलं, अर्जाच्या वेळी झाड फुलावर असल्यानं कागद फूलझाडांच्या टेबलावर गेला आहे.

मधे नात हर्षा आली. तिनं संत्रं मागितलं आणि अनुसयाबाईंनी तोडून दिलं. प्रभाकररावांनी बायकोला रीतसर नोटीस बजावली: चोवीस तासांत लेखी खुलासा करावा. अनुसयाबाईंनी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, ‘लेकरानं मांगतलं, देल्लं.’ खुलासा असमाधानकारक ठरला.

उरलेली दहा संत्री गळू लागली. पडलेलं फळ उचलणं हे तोडण्यात मोडतं का, याबाबत प्रभाकररावांनी कार्यालयाचं मार्गदर्शन मागवलं. ते येईपर्यंत दहाही संत्री मुंग्यांनी संपवली.

मग साहेब आले. रिकाम्या झाडाखाली प्रभाकररावांनी अर्जाची प्रत पुढे केली. हर्षाच्या तोंडचा घास मोजून ज्या अटीसाठी ते भांडले, तीच मोडली होती. साहेबांनी शांतपणे नियम वाचला.

“फळे झाडावर असावीत, एवढंच लिहिलंय,” ते म्हणाले. “झाडालाच लागलेली असावीत, असं कुठे आहे?”

साहेबांचा ड्रायव्हर श्रावण यानं हायवेवरच्या फळांच्या हातगाडीवरून डझनभर संत्री आणली आणि सुतळीनं फांद्यांना बांधली. साहेबांनी पाहणी केली, एक खाल्लं, शेरा मारला: गोडी उत्तम. प्रमाणपत्र देताना फोटो निघाला. त्यात प्रभाकरराव हसले, सवयच होती.

अनुसयाबाई आळ्यात पाणी सोडत म्हणाल्या, “पाच वर्सं पानी मी टाकलं, अन् मान सुतळीले भेटला.”

फोटो मोबाइलवरून जिल्हाभर फिरला. सुतळीच्या गाठी त्यात स्वच्छ दिसतात. आतापर्यंत बाराशे जणांनी अंगठा दाखवून अभिनंदन केलंय. गाठींबद्दल एकानंही विचारलेलं नाही, तुम्हीही नाही.