दस्तगीरभाईंची माफी

आमचं भांडण झालंय हे मला कळलं, ते दस्तगीरभाई माफी मागायला आले तेव्हा.

औंधच्या शाळेत बदलून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळी दारात एक साठीचा, किडकिडीत माणूस उभा. कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास.

"गुरुजी, परवा बाजारात तुमी नमस्कार घातला आन मी तसाच फुडं ग्येलो. मनाला लावून घिऊ नगा."

"अहो, परवा मी बाजारात गेलोच नव्हतो."

ते जरा विचारात पडले. "मग त्यो कोन हुता कुनास ठावं. त्यो घावंपतुर तुमीच माफ करून टाका."

मी केलं. ते चहा पिऊन समाधानानं गेले.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा भाईंचा धंदा आणि दिवस मावळायच्या आत माफी मागून मोकळं होणं हा नेम. "चपलंत खडा शिरला तर मानूस थांबून काडतोच की," ते म्हणायचे. "मग मनातला कशाला घिऊन हिंडायचा? रोजच्या रोज काडायचा. लय हलकं वाटतं, गुरुजी."

त्यांना हलकं वाटायचं हे खरं. समोरच्याचं सांगता येत नसे. एकदा ते शेजारच्या हौसाक्कांकडे गेले. "आक्का, तुमचं लोनचं खारट झालंय, आसं मी चारचौघांत बोललो. मनाला लावून घिऊ नगा." हौसाक्कांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी भाईंना उभ्या गल्लीदेखत सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी भाई पुन्हा हजर. "आक्का, काल माफी मागून तुमास्नी तरास दिला. त्येची माफी मागाया आलोय." हौसाक्का कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या, मग हसता हसता ओट्यावरच बसल्या. जाताना त्यांनी त्याच लोणच्याची बरणी भाईंच्या हातात दिली.

"अजून खारटच हाय," भाई मला हळूच म्हणाले, आणि लगेच चपला घालायला लागले. मी हाताला धरून खाली बसवलं म्हणून गल्ली वाचली.

पण गल्लीला याची लागण झाली होती. मीही एकदा घरी म्हणून बघितलं, "सकाळी उगाच चिडलो. चुकलं माझं." बायकोनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. त्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी यमाईच्या डोंगरावर फिरायला गेलो.

एकदा भाईंच्या घरी बसलो असताना फोन वाजला. सांगलीहून त्यांची लेक शबाना. तिची आई रबियाभाभी बोलायला लागल्या तसे भाई उठले आणि बाहेर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. ऐकत होते, पण आत येत नव्हते.

फोन ठेवल्यावर भाभींनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी शबाना सासरी शिलाईचं दुकान काढणार म्हणून बोलवायला आली होती. भाई पाहुण्यांसमोर चेष्टेत बोलून गेले, "तुझी तिरकी शिलाई सांगलीत कोन घालनार?" पोरगी पाणीही न पिता परत गेली. तेव्हापासून बोलते ती फक्त आईशी.

मी बाहेर गेलो. "भाई, सगळ्या गावाची माफी मागता, आणि..."

"लोनच्याची मागाया सोपी आसती, गुरुजी," ते म्हणाले. "हितं त्वांडच उगडत न्हाई."

पुढच्या रविवारी मी त्यांना सांगलीच्या गाडीत घातलं. वाटभर ते ओठ हलवत काहीतरी पाठ करत होते.

दुकान छोटंसं, पण कपड्यांनी गच्च भरलेलं. आम्हाला बघून शबानाचा पाय मशीनवर थांबला. "या," एवढंच म्हणाली.

भाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मग एकदम मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये आवाज करतंय," आणि पिशवीतून पाना काढून थेट मशीनखाली शिरले. अर्धा तास झाला तरी बाहेर यायचं नाव नाही. मी भिंतीवरचे ब्लाउज तीनदा मोजले.

शेवटी मशीनखालून आवाज आला. "शबाना, चुकलं माझं."

तिनं ओढणीनं डोळे पुसले, बाप बाहेर निघेपर्यंत वाट बघितली आणि त्यांच्या मानेकडे बघून म्हणाली, "कॉलर कवापासनं उसवलीया, अब्बा? काढा त्यो शर्ट."

एरवी वरचं बटणसुद्धा न सोडणारे भाई नुसत्या बनियनवर स्टुलावर बसले. गिऱ्हाईकं यायला लागली. शबाना मान खाली घालून शिवत होती, आणि भाई येणाऱ्या प्रत्येकाला ताठ मानेनं सांगत होते, "जरा थांबावं लागंल. आत्ता माझा शर्ट चाललाय."