भिंगरीच्या मेंदूसाठी पाच मजले

मी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाही. (आमच्या आणि शेजारच्या विमावाल्यांच्या घरात एकच भिंत, आणि तीही पातळ, त्याला मी काय करणार?) त्या भिंतीतूनच कळलं, की त्यांची नववीतली भिंगरी गणितात नापास झाली आणि वडिलांनी तिचा बास्केटबॉल माळ्यावर टाकला.

मी लगेच वाटीभर साखर मागायला गेले.

"भाऊजी, पोरीचा खेळ बंद करू नका. डॉक्टरीणबाई सांगतात, वाढत्या वयात अंग हललं की मेंदूही तरतरीत होतो. लक्ष लागतं, वाचलेलं डोक्यात राहतं."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"माझ्या आधीच्या पेशंटला सांगत होत्या. दार उघडंच होतं."

"मग ऐका वहिनी. पुढच्या चाचणीत पास झाली तर चेंडू खाली येईल. नाही झाली तर शाळेच्या संघातून नाव काढणार."

भिंगरी दाराआड ओठ दाबून उभी होती. तेव्हाच मी ठरवलं, पोरीला व्यायाम मिळालाच पाहिजे, आणि बापाला पत्ता लागता कामा नये.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. सकाळी कुणी उठायच्या आत मी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कागद चिकटवला : 'लिफ्ट बंद आहे.' (अक्षर मुद्दाम वाईट काढलं. फारसे कष्ट पडले नाहीत.) सेक्रेटरी मेकॅनिकला बोलवायला निघाले, तर "तुम्ही कशाला त्रास घेता, मी करते फोन" म्हणून ते कामही मी अंगावर घेतलं.

सगळी इमारत जिने चढायला लागली. विमावाले तिसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसकण मारायचे. आणि मी? एकटीच लिफ्टने गेले असते तर पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मीही भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होते. गुडघे सुजले. आमचे हे म्हणाले, "अगं, भाजी तरी कमी आण." पण माघार घेईन ती मी नव्हे.

चाचणीचा निकाल लागला. भिंगरी चांगल्या मार्कांनी पास. विमावाल्यांनी स्वतः स्टुलावर चढून चेंडू काढून दिला. मी तिला हळूच बाजूला घेतलं.

"बघ, जिने चढलीस म्हणून डोकं चाललं."

"काकू, मी चढलेच नाही. पहिल्याच दिवशी बटण दाबून बघितलं. लिफ्ट आली."

"मग व्यायाम?"

"रोज मागच्या मैदानात मैत्रिणीच्या चेंडूने खेळायचे. बाबा फाटकात दिसले की लिफ्टने वर. ते धापा टाकत पोचेपर्यंत मी गणितं सोडवत बसलेली. खेळून आलं की खरंच पटापट सुटतात हो."

म्हणजे डॉक्टरीणबाईंचं खरं होतं. मला भरून आलं.

"पण काकू, लिफ्ट चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तुम्ही कशाला चढायचात?"

"कुणी पाहिलं असतं म्हणजे?"

भिंगरीने माझ्याकडे फार मायेने बघितलं.

"लिफ्टमध्ये कोण बघणार होतं, काकू? सगळे तर जिन्यात होते."