घरटी एक बाक

वॉर्डात गल्ल्या चौदा होत्या आणि बाक एकही नव्हता. ही बाब टेलरमास्तरांच्या गुडघ्यांनी प्रथम निदर्शनास आणली. घरापासून दवाखाना आठशे पावलं. चारशेव्या पावलाला गुडघे संप पुकारत आणि मास्तर औषधाच्या दुकानाच्या भिंतीला टेकून चोरावर पाळत ठेवल्यासारखे उभे राहत. शेवटी त्यांनी अर्ज केला : ‘वाटेत टेकण्यासाठी एक बाक मिळावा.’

निवडणूक तीन आठवड्यांवर होती. नगरसेवकांना सगळा वॉर्ड ‘भाऊ’ म्हणे, त्यांचे वडीलसुद्धा. ‘सेवा सर्वांची, न्याय समान’ हे भाऊंचं घोषवाक्य. मागच्या खेपेला अकरा मतांनी कसेबसे निवडून आल्यापासून त्यांचा त्यावर मनापासून विश्वास बसला होता. तिसऱ्या दिवशी बाक हजर! ओतीव लोखंडाचा, टेकायच्या फळीवर भाऊंचं नाव. उद्घाटन म्हणून आधी भाऊच बसले. रंग ओला होता. भाषणाला उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर त्यांचंच नाव उलटं उमटलेलं होतं.

मग मास्तर बसले. चार मिनिटं. ती आयुष्यातली सर्वांत सुखाची चार मिनिटं होती, पण बायकोला वाईट वाटायला नको म्हणून घरी ते फारसं बोलले नाहीत.

पाचव्या मिनिटाला सहाव्या गल्लीचं शिष्टमंडळ आलं. पुढे एक आजोबा.

“भाऊ, बाक तिसऱ्या गल्लीलाच? आम्ही काय उभं राहायला जन्मलो?”

भाऊंनी वॉर्ड ऑफिसच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून नियमाचा पक्का. घरी जेवतानाही ‘भात वाढण्यात यावा’ म्हणे.

“फिरता बाक,” कारकून म्हणाला. “रोज एक गल्ली. वाहतूक लोकसहभागातून.”

“म्हणजे उचलायचा कोणी?” मास्तरांनी विचारलं.

“लाभार्थ्यांनी. घरटी एक माणूस. अर्जदार पुढे.”

पाचव्या गल्लीला रविवार आला, म्हणून दहाव्या गल्लीने हरकत घेतली. मग दिवसाऐवजी तास ठरला. कुणाच्या वाट्याला भर दुपार आली, म्हणून तासाऐवजी दहा मिनिटं. आता बाक सकाळपासून संध्याकाळपर्यंत वॉर्डभर फिरू लागला. खाली टेकला की उचलायची वेळ. त्यातही आजोबा एकदा चपळाईने बसलेच, तर कारकुनाने नोटीस डकवली : ‘बाकावर बसल्याने न बसलेल्यांवर अन्याय होतो. सबब कोणीही बसू नये.’

“अहो भाऊ,” घाम पुसत मास्तर म्हणाले, “मग बसायचं कधी?”

“मास्तर, तुम्ही बसायचं काय घेऊन बसलात? दारात पोचला की नाही?”

या माणसाला मत द्यायचं नाही, असं मास्तरांनी त्याच क्षणी ठरवलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गुडघे वाकवून पाहिले. “गुडघे छान आहेत हो! पण मास्तर, पाठीला बाक आलाय.”

रांगेत मागेच कारकून होता. त्याने लगेच वही काढली. विषय : बाक मिळणेबाबत. शेरा : मिळाला.

दुपारपर्यंत घरोघर पाठी तपासून झाल्या, आणि संध्याकाळी पत्रकं वाटली गेली : ‘मागितला एक, दिला घरटी एक!’

मास्तर तावातावाने भाऊंच्या कचेरीत शिरले. तिथे आजोबा कमरेत वाकून अभिनंदन स्वीकारत होते. मास्तरांची नजर चाळीस वर्षं मापं घेतलेली. ती आजोबांच्या पाठीवर थबकली. त्यांनी खिशातली टेप काढली, आजोबांना भिंतीशी उभं केलं आणि मानेपासून भिंतीपर्यंत मोजलं. मग स्वतः उभे राहिले. कारकुनाने टेपचं टोक धरलं.

“भाऊ!” मास्तरांचा आवाज चिरकला. “यांचा अडीच इंच, माझा दोन! अर्ज माझा, आणि जास्त बाक यांना? हाच का तुमचा समान न्याय?”

भाऊ गंभीर झाले. “चूक झाली, मास्तर. राहिलेला अर्धा इंच पुढच्या पाच वर्षांत भरून काढतो. शब्द देतो.”

“लेखी द्या.”

भाऊंनी लेखी दिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर सगळ्यांच्या आधी मत देऊन आले.

भाऊ प्रचंड मतांनी निवडून आले. विरोधात फक्त अकरा मतं पडली. ती ताठ माणसांची निघाली. त्यांची प्रकरणं कार्यवाहीत आहेत.

सर्वेक्षण अजून चालू आहे. हे वाचताना तुम्ही पानावर थोडे वाकलाच असाल. तसेच राहा, सरळ होऊ नका. मास्तर टेप घेऊन निघालेत. आणि शेजाऱ्यापेक्षा तुमचा कमी भरला, तर गप्प बसू नका. हरकत घ्या.